बोल्ट एका कारखान्याचा, बॉडी दुसऱ्या कारखान्याची

प्रश्न : नमस्कार काका. मी नाशिकला कॉलेज रोडला राहतो, सातपूर एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला एकतीस वर्षं काढली, आता रिटायर आहे. उन्हाळ्यात मुलाकडे कॅनडाला जाऊन आलो. त्याच्याकडे रीतसर लायसन्स आहे आणि त्याने तिथल्या एका दुकानातून दुसऱ्या महायुद्धातली ली-एनफिल्ड रायफल घेतलीय, नंबर ४ मार्क १ स्टार. बॉडीवर लाँग ब्रँच आणि १९४३ लिहिलंय. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलं, 'मॅचिंग आहे, ओरिजिनल आहे.' पण मी भिंग घेऊन बघितलं तर बोल्टवर (राउंड बॅरलमध्ये ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा) चौकटीतलं एस आहे, त्याच्या मागच्या टोकाच्या कॉकिंग पीसवर एम ४७ सी आहे, पुढच्या टोकाच्या बोल्ट हेडवर एलबी, म्हणजे लाँग ब्रँच, आणि ३ आकडा आहे, वरचं लाकूड फिकट आणि खालचं काळपट. बोल्टवर एक जुना नंबर रेघ मारून खोडलाय आणि शेजारी बॉडीचाच नंबर मारलाय. मुलगा आता इंटरनेटवरून सगळे एलबीचे पार्ट मागवून रायफल 'पूर्ण लाँग ब्रँच' करायच्या मागे लागलाय. तो फसला का? अजून एकही राउंड झाडलेला नाही. फोटो पाठवतोय.

उत्तर : नमस्कार दादा. पहिलं काम म्हणजे आजच मुलाला फोन करा आणि पार्टची ऑर्डर थांबवायला सांगा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. मुलगा फसलेला नाही. पण दुकानदाराने चिठ्ठीवर जे दोन शब्द लिहिलेत त्यातला एक खरा आहे आणि एक खरा नाही, आणि किमतीचा सगळा फरक त्या दुसऱ्या शब्दात आहे.

मॅचिंग म्हणजे नंबर जुळणं. बॉडीचा नंबर आणि बोल्टचा नंबर एक असला की रायफल मॅचिंग, एवढाच त्या धंद्यातला अर्थ. तो शब्द इथं बरोबर आहे, तुम्ही स्वतःच नंबर वाचलाय. पार्ट कुठल्या कारखान्यात बनला हा वेगळा प्रश्न आहे आणि लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, तुमच्या मुलाचीही तीच झालीय. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आजही असणं, आणि ते या रायफलबद्दल म्हणता येणार नाही.

आता ती अक्षरं काय सांगतात ते बघू. लाँग ब्रँच म्हणजे टोरोंटोच्या पश्चिमेला, लेक ऑन्टारिओच्या काठी युद्धात उभा राहिलेला कारखाना, १९४१ पासून त्याने नऊ लाखांच्या वर नंबर ४ रायफली काढल्या. चौकटीतलं एस म्हणजे सॅव्हेज, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला बनलेला बोल्ट. अमेरिकेने ही रायफल स्वतःच्या फौजेला दिलीच नाही, लेंड-लीजमध्ये, म्हणजे मित्रदेशांना युद्धसामान पुरवायच्या योजनेत, ब्रिटनला देण्यासाठी बनवली, म्हणून तर सॅव्हेजच्या रायफलवर 'यूएस प्रॉपर्टी' असा छाप असतो. आणि एम ४७ सी म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचं शर्ली, बीएसए कंपनी. ब्रिटिशांनी विमानहल्ल्याच्या भीतीने कारखान्यांची नावं छापणं सोडलं आणि भागाप्रमाणे कोड दिले, एम मिडलँड्सचा, एन उत्तरेचा, एस दक्षिणेचा. म्हणून ब्रिटिश पार्टवर नुसतं एस दिसलं तर ते सॅव्हेज समजू नका, सॅव्हेजचं एस चौकटीत असतं, ते तुम्ही बरोबर टिपलंत.

म्हणजे एका रायफलमध्ये तीन देश. तुम्ही क्वालिटीत होतात म्हणून तुम्हाला हे लगेच पटेल, तिन्हीकडे ड्रॉइंग एकच होतं आणि गेजेस एकच होती, ती एवढ्यासाठीच की लढाईत मोडलेल्या रायफलला कुठलाही पार्ट बसावा. वर्कशॉपला आर्मररसमोर, म्हणजे फौजेतल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्यासमोर, ट्रे असायचे, एकात एक्स्ट्रॅक्टर, एकात कॉकिंग पीस, एकात स्प्रिंगा, आणि हात घालून जो येईल तो बसवायचा. त्यावर कुणाचं अक्षर आहे हे बघायला वेळही नव्हता आणि गरजही नव्हती. मी ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते पण तसेच करायचे. फक्त एका पार्टच्या बाबतीत ते फार कडक होते, तो म्हणजे बोल्ट. रायफल खोलली की बोल्टला सुतळीने पत्र्याचा बिल्ला बांधायचा आणि त्या बिल्ल्यावर रायफलचा नंबर, मगच हात पुसायचा.

त्याचं कारण मी स्वतः बघितलंय. एका तुकडीत फायरिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र सफाई केली, एका चादरीवर सगळे बोल्ट काढून ठेवले आणि परत घालताना दोन जवानांचे बोल्ट अदलाबदल झाले. रेंजवर एकाने राउंड झाडला, बोल्ट ओढला तर केसचा, म्हणजे राउंडच्या पितळी टरफलाचा, मागचा अर्धा तुकडा बाहेर आला आणि पुढचा अर्धा चेंबरमध्येच, बॅरलमधल्या राउंडच्या जागेत, चिकटून राहिला. तो पोरगा वाचला, चेहऱ्याला गरम गॅस लागला तेवढंच. उस्तादांनी तो फाटलेला पितळी तुकडा कितीतरी महिने टेबलावर ठेवला होता आणि नवीन आलेल्या प्रत्येकाच्या हातात द्यायचे, काही न बोलता. कडेला जिथं पितळ ताणून फाटलं होतं तिथं ते कागदाइतकं पातळ झालेलं होतं, बोटाला लागायचं.

म्हणून तुमच्या रायफलमध्ये माझं लक्ष सगळ्यात आधी बोल्टवर गेलं. फोटो मोठा करून बघितला. जुन्या नंबरवर जी रेघ मारलीय तिच्या कडा बोथट झाल्यात, आत काळं तेल आणि धूळ घट्ट बसलीय, आणि नवीन नंबरच्या आकड्यांवरही वरचा काळा रंग तसाच चढलेला आहे जसा बाकी बोल्टवर आहे. म्हणजे नंबर मारल्यानंतर बोल्ट वापरात राहिलाय, बरीच वर्षं. नंबर खोडून नवा मारणं ही ब्रिटिश आणि कॉमनवेल्थ फौजांच्या वर्कशॉपची राजरोस पद्धत होती, त्यात लपवाछपवी काही नाही, उलट जुना नंबर वाचता येईल असा ठेवलाय हीच खरेपणाची खूण. फसवणारा काय करतो तर जुना नंबर घासून सपाट करतो आणि त्यावर नवा मारतो, तिथं लोखंड किंचित खोलगट लागतं, नखाने कळतं, आणि आकड्यांच्या आत चमकतं किंवा वरून ताजा काळा रंग फासलेला असतो. तुमच्या फोटोत तसलं काही नाही.

आता तो बोल्ट हेडवरचा ३. नंबर ४ रायफलला बोल्ट हेड चार मापांत येतात, ०, १, २, ३. प्रत्येक माप आधीच्यापेक्षा किंचित लांब. बोल्ट, बॉडी झिजत गेली की हेडस्पेस, म्हणजे बोल्टचं तोंड आणि बॅरलचं मागचं टोक यातलं अंतर, वाढते आणि आर्मरर पुढच्या मापाचं हेड लावून ती परत मर्यादेत आणतो. ३ हे शेवटचं माप आहे. याचा अर्थ रायफल बाद असा होत नाही, कधी कधी टॉलरन्सच्या खेळामुळे नव्या रायफललाही मोठं हेड लागायचं, पण यानंतर पुढं जायला जागा नाही हे मात्र नक्की. तेव्हा एकही राउंड झाडायच्या आधी तिथल्या जाणकार गनस्मिथकडून गेज लावून घ्या. गो नो-गो तुम्हाला मी काय सांगायचं, आयुष्य त्यातच गेलं तुमचं. इथं ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ च्या गेजवर बंद होता कामा नये, आणि बंद करताना जोर लावायचा नाही, एका बोटाने. ०.०७४ वर बंद झाला तर रायफल भिंतीवर, रेंजवर नाही, मग नंबर कितीही जुळोत.

अजून एक गोष्ट त्याच वेळी बघून घ्या. मार्क १ स्टार मध्ये बोल्ट काढायचा खटका काढून टाकला आणि त्याऐवजी बोल्ट हेड ज्यावर सरकतं त्या उजव्या बाजूच्या पट्टीत पुढं एक खाच दिली, काम लवकर व्हावं म्हणून. त्या खाचेचा कोपरा झिजतो, कधी तुकडा उडतो, आणि मग बोल्ट जोरात मागं-पुढं केला की बोल्ट हेड पट्टीवरून उडी मारतं. तुमच्या फोटोत तो कोपरा सावलीत गेलाय. मुलाला टॉर्च मारून परत फोटो काढायला सांगा.

बॅरलमध्ये आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, किती हे पण मोजा. नियम पाचाचा, पण युद्धात वेळ वाचवायला दोन आट्यांची बॅरल पण खूप निघाली आणि ती चांगली मारायची. १९४३ च्या लाँग ब्रँचमध्ये दोन आटे दिसले म्हणून कुणी 'बॅरल बदललंय' म्हणालं तर त्याला विचारा की बदलल्याची खूण दाखव.

लाकडाचं मात्र मला खटकतंय. खालचं काळपट फोरएंड ठीक आहे, त्याच्या आणि लोखंडाच्या मधल्या फटीत जुनं तेल मुरलंय, ते तिथं नक्की कित्येक वर्षं बसलेलं आहे. वरचं फिकट हँडगार्ड बघा, लाकूड धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीजवळ लाकूड लोखंडापेक्षा खाली बसलंय. कारखान्यातून लाकूड नेहमी लोखंडाच्या बरोबरीने किंवा किंचित वर असतं, खाली गेलं म्हणजे कुणीतरी सँडपेपर मारलाय. हँडगार्ड बदललेलं असणं गुन्हा नाही, ते पातळ असतं, तडकायचं, वर्कशॉपला बदली व्हायचं. पण घासणं हे अलीकडचं काम आहे, आणि घासताना लाकडावरचे छाप गेले ते गेले, ते परत येत नाहीत. याच कारणाने 'ओरिजिनल' हा शब्द चिठ्ठीवर नको होता.

किंमत कशी धरायची? कारखान्यातून निघाल्यापासून एकाच कारखान्याचे पार्ट, नंबर जुळलेले, लाकूड न घासलेलं, अशी रायफल सगळ्यात वर. त्याच्या खाली तुमच्यासारखी, म्हणजे फौजेच्या वर्कशॉपने दुरुस्त केलेली, पार्ट मिसळलेले पण नंबर प्रामाणिक. यातसुद्धा इंग्लंडमध्ये कारखान्यात पूर्ण खोलून नवी केलेल्या रायफली असतात, त्यांच्या बॉडीवर एफटीआर अशी अक्षरं असतात, त्यांना वेगळे शौकीन आहेत. त्याच्या बऱ्याच खाली येते ती हल्ली कुणीतरी सुट्या पार्टची जुळवलेली, बोल्टला नंबर नाही किंवा भलताच. आणि तळाला ज्यांची लाकडं आणि बॅरल शिकारीसाठी कापून टाकली त्या, पूर्ण बॅरल २५.२ इंचाचं असतं, टेप लावून बघितलं की कळतं. मुलाने पहिल्या पायरीचे पैसे दिले असतील तर दुकानदाराकडे जाऊन हँडगार्ड दाखवून शांतपणे फरक मागावा. दुसऱ्या पायरीचे दिले असतील तर सौदा चोख झालाय.

आणि आता पार्ट बदलायचं. समजा त्याने एलबीचा बोल्ट मागवला. त्याच्यावर तिसऱ्याच कुठल्या तरी रायफलचा नंबर असणार. म्हणजे आज जी रायफल मॅचिंग आहे ती उद्या मॅचिंग राहणार नाही, हेडस्पेस पहिल्यापासून तपासावी लागेल, आणि जो बोल्ट कुणा आर्मररने त्या बॉडीला हाताने बसवला, नंबर मारला, तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडेल. पैसे घालून किंमत कमी करायची. हे काम जगभर हजारो लोकांनी हौसेने केलंय आणि चांगल्या चांगल्या रायफली वाया घालवल्यात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या सॅव्हेजच्या बोल्टवर आणि बीएसएच्या कॉकिंग पीसवर कुणाचा तरी दिवस गेलेला आहे. फोरएंडच्या खालच्या बाजूला पुढच्या टोकाला, आणि बॉडीवर कुठं सी अक्षराच्या पोटात बाणाचं टोक असा छाप आहे का बघा, तो कॅनडा सरकारच्या मालकीचा छाप, तो असेल तर फोटो काढून ठेवा. लाकडाला व्हर्निश लावू नका, आपलं साधं जवसाचं कच्चं तेल, दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचं, फौजेतही तेच लावायचे.

प्रश्न : काका, आमचा पंचवटीत जुना वाडा आहे, तो पाडायच्या आधी सामान काढताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली रायफल सापडली. लोखंडावर मुकुट, जीआरआय, इशापूर आणि १९४२ असं आहे. बोल्टवरचा नंबर वेगळा आहे. लायसन्सचं जुनं पुस्तक आजोबांच्या नावाचं आहे, ते जाऊन बारा वर्षं झाली. एका ओळखीच्या माणसाने अँटिक म्हणून चांगले पैसे देतो म्हटलंय. पाठवू का त्याच्याकडे घडवून, म्हणजे नंबर वगैरे बरोबर करून?

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही, आणि त्या माणसाला घरी बोलवून दाखवू पण नका. तुमची अडचण पार्टची नाही, कायद्याची आहे. लायसन्स माणसाच्या नावाचं असतं, माणूस गेला की ते लायसन्स तुमच्या कामाचं राहत नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम २१ प्रमाणे असं हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करायचं असतं. तुम्हाला ते आत्ता सापडलंय, तर आत्ताच करा, उद्या नको. आधी पोलीस स्टेशनला फोन करा, सापडलंय असं सांगा, लायसन्सचं पुस्तक आणि आजोबांचा मृत्यूचा दाखला काढून ठेवा, आणि ते सांगतील तसं न्या. रिक्षात घालून स्वतःहून गावातून नेऊ नका. जमा केल्याची पावती मागून घ्या, तिच्यावर नंबर बरोबर लिहिलाय ना ते वाचून.

दुसरं असं की थ्री नॉट थ्री, म्हणजे तुमच्या रायफलचं .३०३ माप, आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे बंदी असलेलं माप, केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती साध्या लायसन्सवर कुणाला घेता येत नाही, मग तो ओळखीचा माणूस कसली खरेदी करतोय? अँटिक हा शब्द ऐकायला बरा वाटतो पण १९४२ ची चालू होऊ शकणारी रायफल नुसत्या जुनेपणामुळे त्यात बसत नाही. आणि नंबर 'बरोबर करणं' म्हणजे हत्याराची ओळख पुसणं, तो स्वतंत्र गुन्हा आहे. सुटा बोल्ट, सुटं बॅरल विकलं तर चालेल असं कुणी सांगितलं तर तेही खोटं, कायद्यात पार्ट पण हत्यारातच मोडतात. वारस म्हणून कुटुंबातल्या कुणाला लायसन्स हवं असेल तर नाशिक शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं, वारसाची धरून.

वस्तूबद्दल थोडं सांगतो कारण ती तुमच्या घरची आहे. इशापूर म्हणजे कलकत्त्याजवळचा सरकारी कारखाना. तिथं युद्धातही जुनीच नंबर १ मार्क ३ स्टार बनत राहिली, नंबर ४ आपल्याकडे बनलीच नाही. इशापूरला नंबर भरपूर ठिकाणी मारायचे, बॉडी, बॅरल, बोल्ट, साइट, पुढची टोपी, लाकूड, त्यामुळे कुठला पार्ट कधी बदलला ते एरवी सहज कळतं. आणि लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू दिसला, मॅगझिनच्या पुढे, तर तो लाकूड फाटू नये म्हणून इथलीच भर आहे. फोटो काढायचे असतील तर पोलीस येईपर्यंत काढा, पण बोल्ट हलवू नका, चेंबरमध्ये काय आहे ते तुम्हाला माहीत नाही. गोणपाट तसंच राहू द्या आणि त्या खोलीला कुलूप लावा, पोरं लांब ठेवा.

प्रश्न : माझे वडील तोफखान्यात होते, देवळाली कॅम्पला आमचं घर आहे. ते सांगायचे की थ्री नॉट थ्रीचं फायरिंग झालं की बॅरलमधून उकळतं पाणी ओतायचे. मित्र म्हणतात पाण्याने गंजेल. खरं काय?

उत्तर : वडिलांचं शंभर टक्के खरं आहे. जुन्या राउंडच्या बुडाच्या टोपीत जो मसाला असायचा तो जळला की बॅरलमध्ये मीठ राहतं, आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचाच भाऊबंद, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. तेलाने मीठ विरघळत नाही, नुसतं तेल मारलं तर मीठ तेलाखाली बसून लोखंड खातं. पाण्यात मात्र विरघळतं. उकळतं अशासाठी की बॅरल तापतं आणि आतलं पाणी आपोआप सुकतं. चेंबरला नरसाळं लावायचं, किटली रिकामी करायची, मग पुलथ्रूला, म्हणजे बॅरलमधून ओढायच्या दोरीला, कोरडी चिंधी लावून ओढायची, चिंधी कोरडी येईपर्यंत, आणि शेवटी तेलाची चिंधी. आपल्या खडकीच्या कारखान्याचे राउंड, ज्यांच्या बुडावर के एफ असतं, ते जुने असतील तर असेच समजायचे.

हे पाणी ज्यांनी टाळलं त्यांच्या रायफली मी लगेच ओळखतो. बॅरल उजेडाकडे धरलं की आट्यांच्या कडा धारदार दिसायच्या ऐवजी मऊ दिसतात आणि मधल्या भागात देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे असतात. पहिल्या प्रश्नातल्या दादांनीही मुलाला हेच बघायला सांगावं, बोल्ट बाहेर काढून, मागून उजेड घेऊन, आधी चेंबरच्या पुढचा बोटभर भाग आणि मग तोंडाकडचा.